चिमट्यांचा हिशोब

शनिवार, सकाळचे साडेनऊ. चॅपलच्या मागच्या अंगणात
एकोणतीस चिमटे भिंतीला टेकवून ठेवलेत.
तीस होते. एक गेल्या महिन्यात नदीत गेला;
गेथिन म्हणतो, मासा पकडत होतो.

शाळेनं कळवली होती बावीस मुलं, आली एकतीस,
शिवाय दोन कुत्री,
आणि म्हातारे प्रॉसर, स्वतःचा चिमटा घेऊन,
शेगडीतले निखारे उचलायचा, पितळी मुठीचा.
मी नियम वाचते : काच मोठ्यांनी उचलायची.
सुई दिसली की हात वर, आणि जागा सोडायची नाही.
मेलेलं काही उचलायचं नाही.
नाही गेथिन, पक्षीसुद्धा नाही.

तीस वर्षं मी या गावात टपाल वाटलं.
कुठल्या फाटकाची कडी जरा वर उचलावी लागते,
कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, सगळं पाठ आहे.
आता तेच रस्ते उलटे चालते.
तेव्हा पिशवी जड निघायची नि हलकी परतायची.

तसं आम्हाला कचऱ्याचं कोणी शिकवू नये.
वर बघा, डोंगर दिसतोय तो डोंगर नाहीच,
खाणीनं टाकून दिलेला दगड आहे.
चांगली पाटी जगभरच्या छपरांवर गेली,
उरलेलं आमच्या डोक्यावर.
पाऊस पडला की चकाकतं, पाहुणे फोटो काढतात.

वरच्या रस्त्याला निळे डबे लागले.
झोप उडवणाऱ्या पेयाचे, सगळे एकाच जातीचे,
हातानं चेपलेले, मधोमध अंगठ्याचा खळगा.
कुंपणाच्या मुळाशी एक, वीस पावलांवर दुसरा.
मुलांना खेळच सापडला. माग काढू! गुन्हेगार!
चिमटे टकटक वाजवत पळाली सगळी,
एकटी मेलेरी मागे राहिली,
बुटाची नाडी बांधत,
जी बांधलेलीच होती.

डबे संपले ते तिच्या घराच्या वळणाआधी.
अगदी आधी. तीसेक पावलं.

त्या घरी मी पत्रं टाकली आहेत.
खिडकीची पाकिटं, लाल अक्षरांची.
शेवटी शेवटी तिचा बाप फाटकापाशीच उभा असायचा,
माझ्या हातातून घेऊन सरळ कोटाच्या आत,
घरात कोणाला दिसू नयेत म्हणून.
रात्री तो दुधाचा टँकर चालवतो. दिवसा काय करतो
ते विचारायची माझी हद्द नाही.
पण किती जागतो, ते डब्यांनी सांगितलं,
आणि हेही, की घरी ते सांगायचं नसतं.

“कोण हा निर्लज्ज?” प्रॉसर गरजले, निखाऱ्यांचा चिमटा उगारून.
मी म्हटलं, वारा.
वरून सगळं इथेच येऊन साचतं.
इतकी उघड थाप मी आयुष्यात मारली नव्हती;
त्या दिवशी वारा असा नव्हताच.
मेलेरीनं माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे.

दुपारी वजनं झाली : चौदा पिशव्या, एक टायर,
बाबागाडीचं चाक, अर्धा तंबू,
कोणाची तरी वरची कवळी (प्रॉसरांनी आधी आपली चाचपली).
निळे डबे एक्केचाळीस.
शाळेच्या तक्त्यात मी लिहिलं : धातू, किरकोळ.

सगळे बिस्किटांवर तुटून पडलेले असताना
ती जवळ आली. म्हणाली,
एक रिकामी पिशवी घरी नेऊ?
केवढी हवी?
तिनं हात थोडे लांब केले, मग जरा जवळ आणले.
गाडीच्या दाराला अडकवता येईल, एवढी.

मी दोन दिल्या. एक फाटली तर असावी म्हणून.

मग अंगण झाडलं, चिमटे पुन्हा मोजले.
अठ्ठावीस.

गेथिन!